नवसाचा मासा : आकृती तीन

“तिसरा डोस घालू, की मरू देऊ त्याला? एवढंच सांगा!”

उल्कानं निळ्या औषधाची बाटली इनायतबाबांच्या नाकासमोर धरली होती. झाकण आधीच उघडलेलं होतं.

बाबांनी बाटलीकडे पाहिलं नाही. ते काचेच्या टाकीकडे बघत होते.

टाकीत एकच मासा होता. शेंदरी गोल्डफिश, तळहाताएवढा. तो पाण्याच्या वर तोंड काढून गपागप हवा पीत होता.

“बाबा!”

“ऐकतोय.”

“ऐकू नका. बोला!”

बाबांनी हात पुढे केला. तिला वाटलं, परवानगी मिळाली. तिनं बाटली दिली. बाबांनी झाकण लावलं, घट्ट पिळलं आणि बाटली कफनीच्या खिशात टाकली.

“बादली आण,” ते म्हणाले.

मिरजेच्या बाहेर, ओढ्याकाठी इनायतबाबांचा तकिया आहे, म्हणजे फकिराचं ठाणं. मधोमध दगडी हौद. नवस फेडायला लोक त्या हौदात मासा सोडतात. कोण कुठल्या धर्माचा, हे कुणी विचारत नाही. गुरुवार मात्र सगळे पाळतात.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका गुरुवारी नवसाच्या माशाबरोबर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग हौदात आला. नऊ दिवसांत एकसष्ट मासे गेले. बाबांनी ते चिंचेखाली पुरले.

उल्का तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. प्राणीशास्त्राच्या प्रकल्पासाठी हौदाचं पाणी न्यायला आली होती. ती खड्ड्याच्या कडेला उभी राहून बाबांवर ओरडली. नवा मासा एकवीस दिवस वेगळा ठेवायचा, त्याच्यावर नजर ठेवायची, मग हौदात सोडायचा! एवढी साधी गोष्ट! नवसाच्या नावाखाली तुम्ही एकसष्ट जीव घालवलेत!

बाबांनी कुदळ बाजूला ठेवली आणि म्हणाले, “मग ये आणि ठेव वेगळा.”

ती आली. ओसरीवर काचेची टाकी मांडली, पंप लावला, हीटर लावला. तेव्हापासून ती येतेच आहे. शिष्य वगैरे शब्द तिला मान्य नाही.

हौदात आता पुन्हा चौतीस मासे झाले होते.

पस्तिसावा टाकीत धापा टाकत होता.

“अर्धं पाणी काढ,” बाबा म्हणाले. हीटरची पिन त्यांनी स्वतःच उपसली.

“औषध पातळ होईल!”

“होऊ दे.”

“रोग वाढेल!”

“कुठला?”

“पांढरे ठिपके! मंगळवारी मी स्वतः पाहिलेत. मंगळवारी एक डोस, काल दुसरा. पाणी तीस अंशांवर नेलं. तरी हा असा! रोग कल्ल्यांत शिरलाय त्याच्या.”

“मंगळवारी सकाळी, औषध घालायच्या आधी, धाप होती?”

“होती का गं?” ओसरीच्या टोकाला बसलेल्या बेबीकाकूंनी विचारलं. मासा त्यांचा होता. शनिवारी लोणच्याच्या मोठ्या काचेच्या बरणीतून त्यांनी तो आणला होता.

“नव्हती,” उल्का म्हणाली.

गरम पाण्यात हवा कमी राहते, हे तिला ठाऊक होतं. हे औषध ती आणखी कमी करतं, हेही ठाऊक होतं. परीक्षेत तिनं ते लिहिलं होतं. पैकीच्या पैकी गुण होते.

तिनं बादली भरभर ओढली.

आदल्या दिवसापासून पिंपात ठेवलेलं पाणी बाबांनी तांब्या-तांब्यानं टाकीत सोडलं. प्रत्येक वेळी आधी पिंपात उलटा हात बुडवायचे, मग टाकीत. पाणी एकदम गार होऊ नये म्हणून मध्येच थांबायचे.

“थर्मामीटर आहे,” उल्का म्हणाली. “पंधरा सेकंदांत सांगतो.”

“मग तू तो बघ. मी हात बघतो.”

तिनं पंपाचा जोर वाढवला. बुडबुड्यांची माळ फुटली आणि सगळी टाकी खळखळायला लागली.

मग तिघं बसून राहिले. बसणं उल्काला जमत नाही. ती सात वेळा उठली.

“बाबा, आज गुरुवार,” बेबीकाकू म्हणाल्या. “मी यांना सांगून आलेय, आज सोडते म्हणून. अर्धांगवायूनं आठ महिने तोंडातून शब्द नव्हता. मागच्या गुरुवारी मी चहा पाजत होते, तर जरा भाजला. आणि काय सांगू बाबा… यांनी मला शिवी दिली! अख्खी! सगळी अक्षरं लागोपाठ! मी तिथंच रडायला बसले. इतकी गोड शिवी लग्नापासून ऐकली नव्हती.”

बाबा हसले.

“काकू, एकवीस दिवस,” उल्का म्हणाली. “शनिवारीच सांगितलंय.”

“देव एकवीस दिवस थांबला का गं? त्यानं वाचा दिली लगेच!”

“देवाच्या हौदात रोग पसरत नाही. आपल्या हौदात पसरतो.”

“बघा बाबा, कशी बोलते!”

“बघतोय,” बाबा म्हणाले. पण ते माशाकडे बघत होते.

मासा खाली आला होता. आधी हातभर पाण्याच्या मध्याला, मग तळाला. त्यानं तळाच्या काचेला तोंड लावलं, काहीतरी टिपल्यासारखं केलं आणि थुंकून टाकलं. कल्ले आता सावकाश हलत होते.

उल्काच्या खांद्यातला ताठा थोडा उतरला. लगेच परत चढला.

“बरं. श्वास सुधारला. ठिपके आहेतच ना? त्यांचं काय?”

“कुठं आहेत?”

“अंगावर. सगळीकडे!”

बाबा उठले. ऊद जाळायच्या धुपाटण्यातून त्यांनी विझलेला कोळसा उचलला आणि तिच्या हातावर ठेवला. ओसरीची भिंत त्या आठवड्यातच चुन्यानं पांढरी केली होती.

“काढ.”

“काय?”

“मासा. ठिपके असतील तिथं ठिपके.”

“भिंतीवर? बाबा, इथं जीव चाललाय आणि तुम्ही चित्रकलेचा तास…”

“टाकीकडे पाठ कर.”

ती इतकी चिडली होती की भराभर काढून मोकळी झाली. तीन वर्षं प्रॅक्टिकलच्या वह्या भरल्या होत्या, हात चालता होता. एका ओघात पाठ, एका ओघात पोट, पर, खवले, शेपटी. मग डोक्यापासून शेपटीपर्यंत ठिपकेच ठिपके. प्रत्येक भागाला आडवी रेघ मारून नावंही लिहिली. खाली सवयीनं लिहिलं, “आकृती १”.

“झाली! वळू?”

“सुंदर आहे,” बाबा म्हणाले. “हा कुठं राहतो?”

“म्हणजे? हाच तो!”

बेबीकाकू उठून भिंतीजवळ आल्या. डोळे बारीक केले.

“काय गं, माझ्या माशाला मिशा कधी आल्या?”

उल्कानं भिंतीकडे पाहिलं. तिनं काढलेल्या माशाच्या तोंडाशी दोन मिशा होत्या. रोहूला असतात तशा. पुस्तकात रोहू असतो. गोल्डफिशला मिशा नसतात, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं.

तिनं टाकीकडे पाहिलं. मासा डावीकडे तोंड करून शांत उभा होता. शेपटी स्वच्छ होती. पाठ स्वच्छ होती.

तिनं पुन्हा भिंतीकडे पाहिलं. पुन्हा टाकीकडे.

“हे…” तिचं तोंड उघडंच राहिलं. “शेपटीवर नाहीतच!”

“होते का?”

“मला… मी पाहिले होते…”

“पाहिले होते?”

ती टाकीसमोर मांडी घालून बसली. या वेळी कुणी सांगितलं नव्हतं.

“पुसू का ते?” तिनं भिंतीकडे न बघता विचारलं.

“राहू दे. शेजारी जागा आहे.”

ती बघत राहिली. काचेला नाक लागेपर्यंत पुढे सरकली. श्वासानं काच धूसर झाली, तिनं ओढणीनं पुसली. मासा थोडा पुढे जायचा, मागे यायचा, पुन्हा तिथंच. बाबा तसबी ओढत बसले होते. मण्यांचा आवाज येत होता. त्या आवाजाचा तिला एरवी राग यायचा.

आणि एकदम ती गुडघ्यांवर उभी राहिली.

“बाबा! रांग आहे!”

तसबी थांबली.

“ठिपके रांगेत आहेत! हे बघा, पुढच्या पराच्या कडेवर. एक, दोन, तीन… नऊ! सगळे एकाच काडीवर, एकामागे एक, एकसारखे. आणि हे कल्ल्याच्या झाकणावर. बास! बाकी कुठंच नाहीत. रोग काय रेशनच्या दुकानासारखा रांगेत उभा राहणार आहे का? रोग कुठंही बसतो. पाठीवर, शेपटीवर, डोळ्यावर!”

“मग हे काय आहे?”

“हा नर आहे!” ती ओरडली. हौदाकाठचे पारवे फडफडून उडाले. “विणीला आलेला नर! त्यांना असे दाणे येतात, इथंच, कल्ल्यावर आणि परावर. आम्हाला एका ओळीत होतं हे, चौथ्या सत्राला, मी ती ओळ सोडूनसुद्धा दिली नव्हती! माघ संपत आलाय, बरोबर वेळ आहे. बाबा, याला काही झालेलंच नाही! याला… याला लग्न करायचंय!”

“अगं बाई!” बेबीकाकूंनी कपाळावर हात मारून घेतला. “आणि तू नवरदेवाला दोन दिवस काढा पाजतेयस?”

उल्का हसत सुटली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग कोळसा घेऊन भिंतीशी गेली आणि या वेळी टाकीकडे तोंड करून, एकेक रेघ बघून काढली. मिशा नाहीत. शेपटीला फाटे. पराच्या कडेवर नऊ दाणे, मोजून. कल्ल्यावर अकरा. बाकी अंग कोरं. खाली “आकृती २”.

“पक्कं?” बाबांनी विचारलं.

“पक्कं!”

“मासा ठणठणीत?”

“ठणठणीत! मीच त्याला आजारी पाडला. लिहून देते भिंतीवर!”

“मग आज गुरुवार आहे,” बाबा म्हणाले.

बेबीकाकूंनी दोन्ही हात जोडले. उल्काच्या ओठांवर एकवीस हा आकडा आला होता. पण तो हसण्यातच कुठंतरी राहून गेला. मासा ठणठणीत होता. काकूंचा नवरा बोलला होता. तिनं स्वतः, स्वतःच्या डोळ्यांनी, एका रोगाला खोटं पाडलं होतं. जाळी तिनंच आणली.

टाकीतलं पाणी लोणच्याच्या बरणीत घेतलं. मासा बरणीत उतरवला. बाबा बरणी छातीशी धरून हौदाकडे निघाले. पाठोपाठ बेबीकाकू, पदर डोक्यावर घेऊन. शेवटी उल्का, कोळशाचे हात सलवारीला पुसत.

हौदात ऊन पडलं होतं. मासे पायरीजवळ गोळा झाले होते. पावलं ऐकली की येतात ते. शेंदरी, पांढरे, एक काळा. चौतीस. उल्का रोज मोजायची.

बाबा पायरीवर टेकले. बरणी पाण्यापाशी नेली आणि तिरकी केली.

बरणीतला मासा पहिल्यांदाच वळला. आतापर्यंत तो डावीकडे तोंड करून होता. उजेड हौदाच्या बाजूनं आला तसा तो त्या बाजूला फिरला, आणि त्याचं उजवं अंग बरणीच्या फुगीर काचेला येऊन लागलं. काचेत ते दुप्पट मोठं दिसत होतं.

उल्कानं भिंतीकडे मान वळवली. आकृती एक, तोंड डावीकडे. आकृती दोन, तोंड डावीकडे. पुस्तकातला मासा नेहमी डावीकडेच तोंड करून असतो. तीन वर्षांत तिनं किती मासे काढले असतील… सगळे डावीकडे.

ती बरणीवर वाकली.

शेपटीच्या मुळाशी, उजव्या बाजूला, एक दाणा. रव्याच्या कणाएवढा. एकटा. कुठल्याच रांगेत नाही.

“थांबा!”

तिनं बरणीच्या तोंडावर हात ठेवला. बाबांनी बरणी तशीच तिरकी धरली होती. तिच्या बोटांवरून पाणी ओघळायला लागलं, थेंब हौदाकडे निघाला. तिनं दुसरा हात खाली धरला.

“काय झालं?” बाबा म्हणाले.

“ठिपका आहे!”

“दाणे आहेत. नर आहे. आत्ता तूच सांगितलंस.”

“ते डाव्या बाजूचं सांगितलं! हा बघा, इथं, शेपटीच्या मुळाशी. इथं दाणे येत नाहीत.”

बाबांनी बरणी डोळ्यांजवळ नेली. त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, डावाही फारसा चांगला नाही. बराच वेळ त्यांनी पाहिलं.

“मला दिसत नाही.”

“मला दिसतोय!”

“कचरा असेल गं,” बेबीकाकू काकुळतीला आल्या. “बाबा म्हणतायत ना नाही म्हणून!”

उल्कानं बरणी स्वतःकडे घेतली आणि हलकेच हिंदकळवली. पाण्यातला कचरा भिरभिरला. ठिपका जागचा हलला नाही. पुन्हा हिंदकळवली. ठिपका कातडीतच होता.

“बाबा चुकतायत,” ती म्हणाली.

बेबीकाकूंनी जीभ चावली.

“आणि मीही चुकले. दोनदा. मंगळवारी नव्हता तिथं रोग पाहिला, आणि आज आहे तिथं पाहिला नाही. काकू, ऐका. हा एक ठिपका उद्या-परवा आपोआप गळून पडेल. तुम्ही म्हणाल, बरा झाला. तो तळाला जाऊन बसेल, तिथं फुटेल, एकाचे शेकडो होतील आणि प्रत्येक जण मासा शोधत निघेल. इथं चौतीस आहेत. चिंचेखाली आता जागा नाही.”

खाली पाण्यात मासे तोंडं उघडत होते, मिटत होते.

“मी यांना काय सांगू?” बेबीकाकूंचा आवाज अगदी लहान झाला होता.

“काकांना घेऊनच या ना! रिक्षात घालून आणा. नवस तुमचा पोचलाय, मासा इथंच आहे, ओसरीवर. बसू दे त्यांना टाकीसमोर. रोज आणा.”

“रोज? एकवीस दिवस? शिव्या देतील मला!”

“देऊ दे. तेवढंच बोलणं होईल.”

बेबीकाकूंनी तिच्याकडे रागानं पाहिलं. मग हसू फुटलं. मग पदर तोंडाला लावून त्या थोडा वेळ पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

मासा परत टाकीत गेला.

ठिपक्यावर उतारा म्हणून उल्कानं खडेमीठ तोललं, पेल्यात विरघळवलं आणि ठरलेल्या मिठातलं पाव मीठ तेवढं टाकीत सोडलं. बाकीचं उद्या-परवाकडे राखून ठेवलं. हीटर लावला, पण काटा एकाच अंशानं पुढे सरकवला. पंपाचा जोर होता तसाच ठेवला. मग जाळी, बरणी आणि बादली वेगळ्या धुऊन उन्हात उपडी घातली, हौदापासून लांब.

बाबांनी कफनीच्या खिशातून निळ्या औषधाची बाटली काढली आणि तिच्यापुढे धरली.

ती क्षणभर बाटलीकडे बघत राहिली.

“आज नको. आधी त्याला श्वास घेऊ दे. सकाळी दोन्ही बाजू बघते, मग ठरवते.”

बाटली परत खिशात गेली.

मग तिनं कोळसा उचलला. भिंतीवर शेवटची थोडी जागा उरली होती. तिथं तिनं मासा काढायला घेतला, तोंड उजवीकडे करून. हाताला सवय नव्हती. डोकं चपटं आलं, पाठीची रेघ दोनदा मोडली, पर चुकीच्या जागी गेला, पुसून पुन्हा काढला. शेपटीच्या मुळाशी तिनं कोळशाचं टोक एकदाच टेकवलं.

खाली लिहिलं, “आकृती ३”.

आणि गर्रकन वळली.

“बाबा, खरं सांगा. तुम्हाला तो ठिपका दिसला होता ना? आधीपासून? मुद्दाम नेलंत ना मला हौदापर्यंत?”

बाबा तसबी ओढत होते.

“की खरंच दिसला नव्हता? म्हणजे मी हात ठेवला नसता तर तुम्ही सोडलाच असता?”

तसबीचा आणखी एक मणी सरकला.

“बाबा! एकदा तरी सरळ उत्तर द्या!”

बाबांनी टाकीकडे पाहिलं, मग उन्हातल्या हौदाकडे.

“आपल्या दोघांपैकी एकाला दिसला,” ते म्हणाले. “त्या चौतिसांना तेवढं पुरे.”